यकृताला औषध आणि विष वेगळं दिसत नाही

मागच्या अंकातल्या माझ्या लेखात एक वाक्य होतं: ‘औषध आणि विष यांतला फरक यकृताला कळत नाही.’ त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. पत्रं छाटली आहेत आणि नावं काढली आहेत, कारण बहुतेकांनी आपल्या दुखण्यांची यादीच जोडली होती. माझी सगळी नोकरी औषधशास्त्र शिकवण्यात गेली, तेव्हा उत्तरांना वर्गाचा वास आला तर चालवून घ्या. आणि मी तुम्हाला तपासलेलं नाही. इथलं वाचून कुणी आपला डोस परस्पर बदलू नये.

प्रश्न : मॅडम, तुमचं वाक्य पटलं नाही. फरक कळत नसेल तर यकृत विष नष्ट कसं करतं?

उत्तर : नष्ट करत नाही, इथेच गाडी अडते. यकृत पदार्थाचं रूप बदलतं आणि त्याला शरीराबाहेर निघण्याजोगं करतं. नवं रूप आधीच्यापेक्षा सौम्य निघालं की जहाल, हे बघणारं तिथे कुणी नसतं.

गोळीतलं औषध आतड्यातून रक्तात जायचं तर पेशींची स्निग्ध आवरणं ओलांडावी लागतात. म्हणून तोंडाने घ्यायची बहुतेक औषधं थोडीफार तरी मेदात विरघळणारी असतात. पंचाईत अशी की जो गुण आत यायला कामी येतो, तोच बाहेर जाताना आडवा येतो. असं औषध किडनीत गाळलं जातं, लघवीच्या वाटेला लागतं, पण बारीक नळीतून पुढे सरकता सरकता भिंतीतून झिरपून पुन्हा रक्तात परततं. डीडीटी चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं ते याच स्वभावामुळे. तेव्हा उपाय एकच, पदार्थाला पाण्यात विरघळणारा करणं.

हे बहुधा दोन टप्प्यांत होतं. ही विभागणी ब्रिटनच्या आर. टी. विल्यम्स यांनी 1959 मध्ये मांडली आणि आम्ही अजूनही तीच शिकवतो. एखादा गुळगुळीत, कुठेच पकड न मिळणारा डबा उचलायचा असेल तर आधी त्याला भोक पाडावं लागेल आणि मग त्यात कडी अडकवावी लागेल. पहिल्या टप्प्यात रेणूला बहुतेक वेळा ऑक्सिजन जोडला जातो; हे झालं भोक. दुसऱ्या टप्प्यात तिथे ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट, ग्लायसीन किंवा ग्लुटाथायोन चिकटवलं जातं, ही कडी. एकदा कडी लागली की पदार्थ लघवीतून नाहीतर पित्तातून निघून जातो. काही रेणूंना जन्मतःच भोक असतं, त्यांना थेट कडी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे एका आजोबांच्या झोपेच्या गोळीत तो कामाला येणार आहे.

पहिला टप्पा प्रामुख्याने सायटोक्रोम पी-450 या एन्झाइमांच्या मोठ्या घराण्याकडे आहे. हिमोग्लोबिनसारखंच यांच्यातही लोह असतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ती 450 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात, म्हणून जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी 1962 मध्ये हे नाव ठेवलं. माणसात या घराण्याची 57 जनुकं आहेत, पण औषधांचा बहुतेक भार त्यातली मोजकीच उचलतात. सीवायपी-3ए4 (सीवायपी म्हणजे सायटोक्रोम पी) या एकट्या एन्झाइमाच्या वाट्याला वापरातली जवळपास निम्मी औषधं येतात.

दुसरा टप्पा मात्र याच्या कितीतरी आधी हाती लागला होता. 1842 मध्ये जर्मनीत विल्हेल्म केलर याने बेन्झोइक आम्ल स्वतःच गिळलं आणि स्वतःच्याच लघवीत हिप्युरिक आम्ल शोधून काढलं. शरीराने त्याला ग्लायसीनची कडी लावली होती. तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांना प्रयोगासाठी दुसरा माणूस शोधायची गरज वाटत नसे.

आता तुमच्या शंकेकडे. 1935 मध्ये प्रॉन्टोसिल नावाचा लाल रंग जंतुसंसर्गावर उपाय म्हणून जाहीर झाला. गंमत अशी की तो उंदरांना वाचवायचा, पण परीक्षानळीत एकही जंतू मारायचा नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडा झाला: शरीरात रंगाचा रेणू तुटतो आणि त्यातून सुटणारं सल्फॅनिलमाइड हेच खरं औषध. इथे शरीराने निरुपयोगी रंगातून औषध बनवलं. उलट बाजूला बेन्झोपायरीन आहे, तंबाखूच्या धुरातलं. मुळात ते बऱ्यापैकी निष्क्रिय असतं. पी-450 त्याला पाण्यात विरघळवायला जातं आणि त्या खटाटोपात असा रेणू घडतो की तो सरळ डीएनएला चिकटतो आणि कर्करोगाची सुरुवात करून देऊ शकतो. दोन्ही वेळा शरीर आपलं नेहमीचंच काम करत होतं. एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला दोष आपण नंतर देतो.

प्रश्न : पॅरासिटामॉल इतकी साधी गोळी की ती कुणीही कुणालाही देतं. तिने यकृत निकामी होतं असं ऐकलं. खरं का? आणि मद्य घेणाऱ्यांनी ती टाळावी का?

उत्तर : खरं आहे. आणि ‘साधी’ हे विशेषण मला या गोळीच्या बाबतीत फारसं आवडत नाही.

पॅरासिटामॉलला कडी अडकवायची जागा आयतीच आहे. त्यामुळे नेहमीच्या डोसचा बहुतांश भाग थेट ग्लुकुरोनिक आम्ल नाहीतर सल्फेट लावून घेतो आणि लघवीतून जातो. साधारण 5 ते 10 टक्के भाग मात्र पी-450 च्या, मुख्यतः सीवायपी-2ई1 च्या, हाती लागतो आणि त्याचं ‘नॅपकी’ या संक्षिप्त नावाने ओळखलं जाणारं एक अत्यंत चिडखोर संयुग होतं. ते जन्मल्या जन्मल्या ग्लुटाथायोन त्याला धरतं. त्यामुळे योग्य प्रमाणात घेतलेली गोळी निरुपद्रवी ठरते.

डोस फार झाला की सल्फेटची वाट तुंबते, जास्त माल नॅपकीकडे वळतो आणि यकृतातला ग्लुटाथायोनचा साठा आटतो. मग नॅपकी पेशींच्या प्रथिनांनाच धरतं आणि पेशी मरू लागतात. यातली सर्वात दगाबाज गोष्ट म्हणजे वेळ. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, उलटी, नाहीतर काहीच नाही. यकृताची खरी अवस्था तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोर येते. उतारा चांगला आहे: ॲसिटिलसिस्टीन, जे ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढतं. पण ते 8 तासांच्या आत सुरू झालं तर जवळजवळ हमखास काम करतं, उशिराने तितकं नाही. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी ‘बरं वाटतंय ना, मग बघू उद्या’ हे चालत नाही. लगेच रुग्णालय.

निरोगी प्रौढासाठी 24 तासांत 4 ग्रॅम ही वरची मर्यादा आहे. ती ओलांडणारे सगळेच काही जीव द्यायला निघालेले नसतात. डोकेदुखीची एक, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल, असं फार होतं. वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा.

रोज भरपूर पिणाऱ्याच्या यकृतात सीवायपी-2ई1 वाढलेलं असतं, म्हणजे नॅपकी जास्त तयार होणार. त्यातच पोषण धड नसेल तर ग्लुटाथायोनही कमी. अशा माणसाची सुरक्षित मर्यादा खाली येते. किती खाली, हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

जाता जाता एक. पॅरासिटामॉल औषध म्हणून पुढे आलं तेच मुळी शरीराच्या कारभारातून. त्याआधी ॲसिटॅनिलाइड नावाचं तापाचं औषध होतं, त्याने रक्ताचा ऑक्सिजन वाहण्याचा गुण बिघडायचा. 1948 मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं की वेदना कमी करणारं काम ॲसिटॅनिलाइड करतच नाही, शरीर त्याचं पॅरासिटामॉल करतं आणि ते काम करतं. मग मधला उपद्व्याप हवा कशाला?

प्रश्न : दाढ काढल्यावर मला आणि माझ्या भावाला, दोघांनाही कोडीनची गोळी मिळाली. तो गुंगीत पडून राहिला, मला तसूभर फरक नाही. ‘सगळं मनावर असतं’ असं मला ऐकवण्यात आलं.

उत्तर : मनावर ढकलणं सोपं असतं. तुमच्या बाबतीत काय झालं ते इथून सांगता येणार नाही, पण जी शक्यता आधी तपासायला हवी होती ती ही.

कोडीन स्वतः फार अशक्त औषध आहे. त्याचा थोडा भाग, ढोबळमानाने 5 ते 10 टक्के, सीवायपी-2डी6 हे एन्झाइम मॉर्फिनमध्ये बदलतं आणि वेदना थांबते ती त्या मॉर्फिनने. ज्याचं हे एन्झाइम जन्मतः निकामी त्याने कोडीन घेतलं काय आणि न घेतलं काय. काहींकडे याच जनुकाच्या जादा प्रती असतात; त्यांच्यात मॉर्फिन भराभर तयार होतं आणि साध्या डोसनेही श्वास मंदावू शकतो. यात काही लहान मुलं दगावली, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने 2017 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं सांगितलं. सख्ख्या भावंडांना आईवडिलांकडून जनुकाच्या वेगवेगळ्या प्रती मिळू शकतात, तेव्हा तुमच्या घरातला फरक मला अजिबात नवलाचा वाटत नाही.

या एन्झाइमाची गोष्ट वर्गात सांगायला मला फार आवडायची. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत रॉबर्ट स्मिथ आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधाचा अभ्यास करत होते. 1975 मध्ये त्यांनी ते स्वतःच घेऊन पाहिलं. बाकीच्यांना काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब असा कोसळला की उभं राहता येईना. लघव्या तपासल्या तेव्हा इतरांच्या लघवीत औषधाचं बदललेलं रूप होतं आणि स्मिथ यांच्या लघवीत औषध बहुतांशी जसंच्या तसं. तिथून धागा पकडून 1977 मध्ये दाखवलं गेलं की हा फरक आनुवंशिक आहे. एन्झाइमाचं जनुक सापडायला अजून बरीच वर्षं होती.

लक्षात घ्या, तेच निकामी एन्झाइम स्मिथ यांना औषध फार चढवतं आणि कोडीन घेणाऱ्याला औषध मिळूच देत नाही. एका बाबतीत एन्झाइम औषध संपवतं, दुसऱ्यात घडवतं. म्हणून ‘माझी औषधं पचवायची ताकद चांगली आहे’ या वाक्याला, कुठलं औषध ते सांगितल्याशिवाय, काही अर्थ नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घ्यायचं क्लोपिडोग्रेलही असंच यकृतात घडतं, सीवायपी-2सी19 मुळे. तिथे हे एन्झाइम दुबळं असेल तर संरक्षण अपुरं पडू शकतं.

तुम्ही करायचं एवढंच: पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘कोडीनचा उपयोग होत नाही’ हे आधीच सांगा. जनुकीय चाचणी मिळते, वेदनेवर दुसरी औषधंही आहेत. आपल्या मनाने दुप्पट गोळ्या घेणं हा मार्ग नव्हे.

प्रश्न : मद्यपानानंतर काळी कॉफी आणि गार पाण्याची अंघोळ केली की दोन तासांत गाडी चालवता येते, असा माझ्या मित्रांचा अनुभव आहे.

उत्तर : मित्र जागे झालेले असतात, शुद्धीवर आलेले नसतात.

बहुतेक औषधं रक्तात जितकी जास्त तितक्या वेगाने हटवली जातात. मद्याचं तसं नाही. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम थोड्याशा मद्यानेच भरून जातं आणि मग तासाला ठरावीक मात्राच संपवतं. सरासरी धरली तर रक्तातली पातळी दर 100 मिलिलिटरमागे तासाला सुमारे 15 मिलिग्रॅम उतरते. 150 वर असलेल्याला शून्यावर यायला 10 तास लागतात. कॉफीने या आकड्याला धक्काही लागत नाही.

याच एन्झाइमाची काळी बाजू भेसळीच्या दारूत दिसते. तिच्यातलं मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नसतं. एन्झाइम त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं आणि त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं. ते डोळ्यांच्या नसा जाळतं, जीवही घेतं. उपचार काय, तर फोमेपिझोल देऊन एन्झाइमच बंद पाडायचं, किंवा ते नसेल तर रुग्णालयात मोजून मापून इथेनॉल द्यायचं, कारण एन्झाइमला इथेनॉल जास्त प्रिय असतं. ते तिकडे गुंतलं की मिथेनॉल न बदलता बाहेर पडायला अवधी मिळतो. यकृताला काम करू न देणं हाच इथे उपचार.

प्रश्न : यकृत ‘स्वच्छ’ करणारी डिटॉक्स पेयं घ्यावीत का?

उत्तर : नाही. कुठलं विष, किती, कुठून निघालं आणि कशात मोजलं, हे विक्रेत्याला विचारा आणि उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. उलट काही वनस्पतींचे तीव्र अर्क स्वतःच यकृताला इजा करतात.

प्रश्न : माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या पत्रकात ग्रेपफ्रूटचा रस टाळा असं लिहिलंय. एका फळाने काय होतं? सकाळी रस आणि रात्री गोळी चालेल?

उत्तर : चालणार नाही, आणि कारण मोठं मजेदार आहे. 1980 च्या दशकात कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाबरोबर मद्य घेतलं तर काय होतं ते पाहत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. मद्यावर संशय होता, गुन्हेगार रस ठरला. 1989 मध्ये हे छापून आलं.

सीवायपी-3ए4 फक्त यकृतात नसतं, आतड्याच्या अस्तरातही भरपूर असतं. गोळीचा काही भाग रक्तात पोचण्याआधी तिथेच खर्ची पडतो आणि डोस ठरवताना ही तूट धरलेली असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकूमॅरिन्स नावाची रसायनं हे आतड्यातलं एन्झाइम कायमचं निकामी करतात. तूट होत नाही, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त औषध आत जातं. नवं एन्झाइम तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे सकाळ-रात्रीचं अंतर पुरत नाही.

सिम्व्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटोर्व्हास्टॅटिन यांना हे लागू आहे. रोसुव्हास्टॅटिन आणि प्रॅव्हास्टॅटिन वेगळ्या वाटेने जातात. गोड संत्र्याची भीती नको, त्यात हे रसायन नावापुरतंच असतं. हृदयविकारात नायट्रोग्लिसरीन जिभेखाली ठेवतात तेही अशाच कारणाने. गिळलं तर यकृतातच बहुतेक संपतं.

प्रश्न : वडील 81 वर्षांचे. लिव्हरचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी नव्या डॉक्टरांनी अनेक वर्षं चालू असलेली झोपेची डायझेपामची गोळी कमी करत बंद करायची ठरवली आहे. वडील रागावले आहेत.

उत्तर : वडिलांचा राग समजू शकते, पण मी डॉक्टरांच्या बाजूने आहे.

‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ नावाच्या चाचणीतले एएलटी, एएसटी हे आकडे यकृताच्या पेशींना इजा झाली आहे का ते सांगतात. यकृत औषध किती वेगाने हाताळतं हे त्यात दिसत नाही. वयाबरोबर यकृत आकसतं, त्यातला रक्तप्रवाह कमी होतो आणि पहिला टप्पा, म्हणजे पी-450 चं काम, मंदावतं. रिपोर्ट मात्र निर्मळ राहतो.

डायझेपामला हा पहिला टप्पा लागतो. रक्तातली मात्रा निम्मी व्हायला विशीत सुमारे 20 तास लागतात, ऐंशीत सुमारे 90. शिवाय त्यातून तयार होणारा पदार्थही गुंगीच आणतो आणि तोही दिवसेंदिवस रेंगाळतो. आजची गोळी घेताना मागच्या कित्येक दिवसांच्या गोळ्यांचा शिल्लक भाग अंगात असतो. परिणाम: दिवसा झापड, तोल जाणं, विसरभोळेपणा, आणि पडून खुबा मोडणं. हे सगळं ‘वय झालं’ या खात्यावर मांडलं जातं.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा इथे येतो. लोराझेपाम या तशाच दुसऱ्या गोळीला थेट कडी लागते आणि दुसरा टप्पा म्हातारपणीही बराचसा टिकून असतो, म्हणून ते डायझेपामइतकं साचत नाही. पण तोल जायची भीती त्यातही आहेच, तेव्हा त्याच्यावर उडी मारू नका. आणि डायझेपाम एकदम थांबवू नका. झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू उतरवताहेत ते म्हणूनच.

प्रश्न : क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं. लघवी नारिंगी होते. गर्भनिरोधक गोळ्या चालू ठेवू ना?

उत्तर : नारिंगी रंग औषधाचाच, घाबरू नका. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. रिफॅम्पिसिन यकृताला सीवायपी-3ए4 जास्त बनवायला लावतं. त्यामुळे गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं भराभर संपतात आणि गोळी घेऊनही गर्भ राहू शकतो. तांबीसारखं, संप्रेरकं नसलेलं साधन घ्या, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही साधारण 4 आठवडे गोळीवर विसंबू नका. वाढलेलं एन्झाइम ओसरायला वेळ लागतो. क्षयाचं औषध मात्र यासाठी सोडायचं नाही.

प्रश्न : आमची मांजर लंगडते आहे. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देऊ का?

उत्तर : अजिबात नाही. पॅरासिटामॉलला ग्लुकुरोनिक आम्ल लावणारं एन्झाइम मांजरीत जवळजवळ नसतंच. त्याचं जनुक तिच्या पूर्वजांतच निकामी झालं. गोळी दिली की तिच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहू शकत नाहीत, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. पशुवैद्याकडे न्या, आणि गोळी आधीच दिली असेल तर तासभरही थांबू नका. तिच्यासाठीसुद्धा उतारा ॲसिटिलसिस्टीनच आहे.